मातो ग्रोसोचा पाऊस

भूगोल हा विषय आमच्या पिढीने पाठ केला, पाहिला नाही. 'ओरिनोकोच्या खोऱ्यातील लॅनोस, ब्राझीलमधील कॅम्पोस आणि अर्जेंटिनातील पंपास' अशी गवताळ प्रदेशांची नावे एका दमात म्हणून दाखविली की गुरुजींचे समाधान होई आणि आमची सुटका होई. कॅम्पोस म्हणजे काय, तेथे कोण राहते, तेथील पाऊस कोणत्या महिन्यात पडतो, हे विचारण्याची गरज ना शिकविणाऱ्यास वाटे, ना शिकणाऱ्यास. सेनगावच्या मुलांना गवताळ प्रदेश म्हणजे गावाबाहेरचे गायरान एवढेच ठाऊक, आणि तेही उन्हाळ्यात गवतावाचूनच असे. परीक्षा झाली की लॅनोस आणि कॅम्पोस दोन्ही डोक्यातून निघून जात, आणि त्याबद्दल कोणास खंत करण्याचे कारणही नव्हते.

मी पुढे इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक झालो. माझ्यासारख्या माणसाने पन्नाशी उलटल्यावर दक्षिण अमेरिकेतील एका दूरच्या प्रांताविषयी ग्रंथ जमवावेत, नकाशे पसरावेत आणि आता त्यावर चार पाने लिहावीत, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु त्यास कारण आहे. विदेश म्हटला की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांसमोर अद्याप इंग्लंड किंवा अमेरिका उभी राहते. आमच्या तालुक्यात तसे नाही. सेनगावच्या आडत दुकानात, चहाच्या टपरीवर, एखाद्याच्या ओसरीवर बसलेल्या मंडळींत ज्या परदेशाचे नाव आज आस्थेने घेतले जाते, तो ब्राझील होय. 'ब्राझीलात पाऊस कसा आहे?' हा प्रश्न धोतर नेसलेल्या, कधी औरंगाबादच्या पुढे न गेलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून मी स्वतः ऐकला आहे. घोकलेला कॅम्पोस असा चाळीस वर्षांनी सोयाबीनचा भाव होऊन आमच्या दारात येऊन बसला.

त्या कॅम्पोसचा जो भाग आमच्याशी विशेष संबंधित आहे, त्याचे नाव मातो ग्रोसो. पोर्तुगीज भाषेत या शब्दांचा अर्थ 'दाट रान' असा होतो. ब्राझीलच्या पश्चिम भागात, बोलिव्हियाच्या सरहद्दीला लागून हे राज्य पसरले आहे. त्याचे क्षेत्रफळ नऊ लक्ष चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक, म्हणजे आपला महाराष्ट्र त्यात जवळजवळ तीन वेळा मावेल. पण २०२२ च्या शिरगणतीत तेथे माणसे भरली ती अवघी साडेछत्तीस लाख. महाराष्ट्रात २०११ साली सव्वाअकरा कोटी माणसे होती. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले की पुढच्या पुष्कळ गोष्टी न सांगताच कळतात. आमच्याकडे बांधावरून भावाभावांत कोर्टकचेरी होते. तिकडे एका मालकाच्या शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जावयास मोटार लागते.

नावाप्रमाणे हे राज्य सगळेच दाट रान नाही. उत्तरेकडचा भाग ॲमेझॉनच्या अरण्याचा. दक्षिणेकडे पंतनाल नावाची विस्तीर्ण पाणथळ भूमी, जगातील उष्ण प्रदेशांतल्या पाणथळींत सर्वांत मोठी. आणि या दोहोंमध्ये उंच, सपाट, लाल मातीचे पठार. हेच आमचे पाठ केलेले कॅम्पोस. तिकडचे लोक त्यास सेराडो म्हणतात. तेथील झाडे वाकडीतिकडी, बुटकी, जाड सालीची. आगीतून आणि दुष्काळातून तगून राहिलेली. त्यांची मुळे मात्र इतकी खोल जातात की या रानाला 'उलटे अरण्य' असे कौतुकाने म्हटले जाते. याच पठारावर दोन महानद्यांचे पाणी विभागते. एका उतारावरचे पाणी उत्तरेस ॲमेझॉनकडे जाते, दुसऱ्या उतारावरचे दक्षिणेस पाराग्वे नदीकडे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला एक थेंब कोकणात उतरतो आणि त्याच्या शेजारचा गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळतो, हे ज्याने लहानपणी ऐकले आहे त्यास या पठाराचे स्वरूप समजावून सांगावे लागणार नाही.

पावसाचा क्रम मात्र आमच्या नेमका उलट. आमचा पाऊस परतीच्या वाटेला लागला की त्यांचा सुरू होतो. ऑक्टोबर ते एप्रिल त्यांचा पावसाळा, आणि मे ते सप्टेंबर कोरडा ठणठणीत उन्हाळा म्हणा, हिवाळा म्हणा. आमच्या खळ्यावर सोयाबीनची रास पडते त्याच सुमारास त्यांची तिफण चालू होते. तिफण हा शब्द मी सवयीने लिहिला. त्यांचे पेरणीयंत्र पाहिले तर आमची तिफण त्याच्या एका चाकाखाली सहज बसेल.

इतिहास पाहू गेले तर या देशाचा आणि हिंदुस्थानचा संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. पेद्रो आल्वारेस काब्राल हा पोर्तुगीज दर्यावर्दी १५०० साली निघाला होता तो कालिकतला. वाऱ्याचा फायदा घेण्यासाठी त्याने गलबते पश्चिमेकडे दूरवर नेली, आणि २२ एप्रिल रोजी समोर एक अनोळखी किनारा दिसला. दहा दिवस तेथे थांबून, सत्ता सांगण्यापुरता एक क्रूस रोवून, तो पुन्हा हिंदुस्थानच्या वाटेला लागला आणि सप्टेंबरात कालिकतास पोहोचलाही. युरोपच्या बखरीत ब्राझीलचा शोध म्हणून जो प्रसंग गाजतो, तो मुळात आपल्याकडे येणाऱ्या प्रवाशाचा वाटेतला एक मुक्काम होता.

मातो ग्रोसोपर्यंत गोरा माणूस पोहोचावयास मात्र आणखी दोन शतके गेली. साओ पाउलोकडून निघालेल्या टोळ्या रानातील मूळच्या लोकांना पकडून गुलाम करण्यासाठी आत आत शिरत होत्या. त्यांपैकी एकीला कुयाबा नदीच्या परिसरात सोने सापडले, आणि १७१९ साली त्या नावाचे गाव वसले. त्याच वर्षी बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन परतत होता, एवढे लक्षात ठेवले की काळाची सांगड बसते. साओ पाउलोहून कुयाबास जाण्याचा मार्ग नद्यांचा. होड्यांचे तांडेच्या तांडे निघत, आणि पोहोचावयास पाचपाच महिने लागत. या तांड्यांना पोर्तुगीज लोक काय म्हणत? 'मोंसोंइस.' हा शब्द त्यांनी आपल्या समुद्रात उचलला होता. अरबी 'मौसिम' या शब्दाचे ते रूप. आपला 'मोसम' त्याचाच सख्खा भाऊ. हिंदी महासागरावरील मोसमी वाऱ्याचे नाव समुद्रापासून हजार मैल आत, एका अरण्यनदीवरील होड्यांच्या काफिल्याला मिळाले. शब्दांच्या प्रवासास सीमा नसते हे मी वर्गात पुष्कळदा सांगितले आहे. याहून सरस उदाहरण मला अद्याप सापडलेले नाही.

सोन्याच्या मागोमाग गुलाम आले, आफ्रिकेतून आणलेले. त्यांच्यापैकी कित्येक पळून रानात शिरले आणि त्यांनी स्वतःच्या वस्त्या उभारल्या. अशा एका वस्तीची नायिका तेरेझा दे बेंगेला. पतीच्या मृत्यूनंतर तिने कारभार हाती घेतला. गुलामगिरीतून सुटलेले आफ्रिकन आणि मूळचे रहिवासी तिच्या राज्यात एकत्र नांदत, शेती करीत, कापूस पिकवून कापड विणीत. १७७० साली सरकारी फौजेने ती वस्ती उद्ध्वस्त केली. त्याच्या तीनच वर्षे आधी, १७६७ मध्ये, माळव्यात अहिल्याबाईंनी होळकरांच्या दौलतीची सूत्रे हाती घेतली होती. एकीची घाट, देवळे आणि धर्मशाळा उभी राहिली, आणि दुसरीच्या वस्तीची राखही उरली नाही. पण ब्राझीलने २०१४ साली कायदा करून २५ जुलै हा दिवस तेरेझाच्या नावे राष्ट्रीय दिवस म्हणून ठरविला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती १८८८ मध्ये, पश्चिम गोलार्धात सर्वांत शेवटी.

मधल्या युद्धांचा आणि राज्यक्रांत्यांचा तपशील मी येथे देत नाही. १८६४ च्या डिसेंबरात पाराग्वेच्या फौजा मातो ग्रोसोत घुसल्या आणि सहा वर्षे चाललेल्या त्या संग्रामात पाराग्वे देशच जवळजवळ नामशेष झाला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

त्या संग्रामाच्या धामधुमीत, १८६५ मध्ये, मातो ग्रोसोच्या एका खेड्यात जो मुलगा जन्मला, त्याच्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. त्याचे नाव कांदिदो रोंदोन. आईकडून त्याच्या अंगात बोरोरो आणि तेरेना या मूळच्या जमातींचे रक्त होते. आईबाप लहानपणीच वारले. शिकून तो लष्करात अधिकारी झाला, आणि सरकारने त्याच्यावर काम सोपविले ते रानावनांतून तारायंत्राचे खांब रोवीत जाण्याचे. हे काम त्याने वर्षानुवर्षे केले. हिवतापाने माणसे गेली, गुरे गेली, तरी केले. १९०७ साली नांबिक्वारा लोकांच्या मुलखात त्याच्यावर बाण सुटले. एक बाण छातीवरील चामडी पट्ट्यात रुतला म्हणूनच तो वाचला. त्याच्या हाताखालच्या शिपायांनी बदला घेण्याची परवानगी मागितली. त्याने ती नाकारली, आणि उलट त्या लोकांसाठी भेटवस्तू ठेवून मागे फिरला. वेळ पडल्यास मरावे, पण मारू मात्र नये, असा त्याचा दंडक होता. आणि ज्या काळात रानातल्या माणसास गोळी घालणे हा कोणास अपराधही वाटत नव्हता, त्या काळात एका लष्करी माणसाने हा दंडक पाळला व पाळावयास लावला. १९१० साली मूळच्या रहिवाशांच्या रक्षणासाठी सरकारी खाते निघाले, त्याचा तो पहिला प्रमुख. पुढे त्या खात्यातही भ्रष्टाचार शिरला. पण तो दोष रोंदोनचा नव्हे.

त्याच्या तारेची कथा मात्र करुण आहे. १९१५ च्या सुमारास ती पुरी झाली, आणि तोवर बिनतारी संदेशाचे युग उगवले होते. इतक्या कष्टाने रोवलेले खांब पुढे रानात तसेच उभे राहिले. त्यांच्या आजूबाजूच्या एकाकी ठाण्यांवर जी माणसे उरली होती, त्यांची हकीकत क्लोद लेव्ही-स्त्रोस या फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञाने १९३८ च्या सुमारास तेथे जाऊन टिपली आहे. रोंदोन १९५८ पर्यंत जगला, आणि मातो ग्रोसोला लागून असलेल्या एका अख्ख्या राज्यास आज त्याचे नाव आहे.

रोंदोनने ज्यांना वाचविले त्या लोकांचे आपल्यावर किती ऋण आहे, हे आपणांस सहसा ठाऊक नसते. शाबूकंद म्हणजे ज्यापासून आजचा साबुदाणा निघतो तो कंद. त्याच्या रानटी पूर्वजाचा शोध शास्त्रज्ञांनी ॲमेझॉनच्या अरण्याच्या दक्षिण सीमेवर लावला आहे, आणि मातो ग्रोसो त्याच पट्ट्यात येते. या कंदाच्या कडू जातीत जहाल विष असते. तो किसावा, ताडाच्या पात्यांनी विणलेल्या लांबलचक नळीत भरावा, नळी ताणून विषारी रस पिळून काढावा आणि मग पीठ भाजून खावे, ही युक्ती ज्यांनी हजारो वर्षांपूर्वी काढली, त्यांना आपल्या शाळेतल्या पुस्तकांनी 'रानटी टोळ्या' म्हटले होते! मला तर ही युक्ती कोणत्याही प्रयोगशाळेस भूषणावह वाटते.

आता एकादशीच्या ताटाकडे पाहा. साबुदाणा या कंदाचा. पूर्वी तो मलायाकडील एका ताडजातीच्या झाडापासून काढीत, पण आज आपल्याकडे येतो तो तमिळनाडूतील सेलमच्या बाजूचा, शाबूकंदाचाच. शेंगदाणा मूळचा दक्षिण बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिना यांच्या सरहद्दीवरचा. पेरूमधील सिपान येथे १९८७ साली एका प्राचीन राजाची समाधी सापडली, तिच्यात त्याच्या गळ्यात भुईमुगाच्या शेंगांचा हार होता, अर्ध्या शेंगा सोन्याच्या आणि अर्ध्या चांदीच्या. बटाटा अँडीज पर्वतावरचा. हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. म्हणजे खिचडीच्या कढईत आपले असे काय उरले? तूप, जिरे आणि मीठ. ज्या व्रताला कांदा आणि लसूण चालत नाही, त्यास हे चार परदेशी पदार्थ निर्वेधपणे चालतात, याचे कारण उघड आहे. निषेधाची यादी करणाऱ्या शास्त्रकारांना ते ठाऊकच नव्हते.

सेनगावापासून जवळच, कयाधूच्या काठी नर्सी आहे. नामदेवांचे जन्मगाव म्हणून आषाढी-कार्तिकीस तेथे किती गर्दी होते हे आमच्या भागात कोणास सांगावयास नको. नामदेवांचा जन्म १२७० चा. त्यांनी जन्मभर एकादश्या केल्या, पण साबुदाण्याची खिचडी त्यांच्या दृष्टीस पडणे शक्य नव्हते; मिरचीचा ठसका त्यांना ठाऊक नव्हता आणि बटाटाही नव्हता. काब्राल पोर्तुगालहून निघण्यास अजून दोनशे तीस वर्षे होती. ही सगळी माहिती मी एकदा मोठ्या उत्साहाने आमच्या मातोश्रींस सांगितली. त्या खिचडी परतीत होत्या. शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी विचारले, "मग तिकडचे लोक एकादशी धरतेत का?" मी म्हणालो, नाही धरत. "मंग त्याईला त्याचा काय उपयोग?" असे म्हणून त्यांनी कढईवर झाकण ठेवले. माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात इतक्या थोडक्या शब्दांत माझे व्याख्यान कोणी संपविले नव्हते.

पेरू या फळाच्या नावावरून काही मंडळी त्यास पेरू देशातून आलेले मानतात. मला त्यापेक्षा पोर्तुगीज भाषेतील नासपतीचा 'पेरा' हा शब्द अधिक पटतो. गोव्याकडे तर या फळास 'पेर'च म्हणतात. पण हा वाद येथे नको.

उलट्या दिशेनेही काही गेले आहे. ब्राझीलच्या कुरणांत आज माणसांपेक्षा गुरे अधिक आहेत. एकट्या मातो ग्रोसोत तर माणशी नऊ पडतात. ती पांढरी, वशिंडाची गुरे मूळची आमच्या नेल्लोर-ओंगोलकडची, आणि तेथे त्यांचे नावही 'नेलोरे' असेच आहे. काठेवाडची गीर जातही तेथे नेऊन त्यांनी दुधासाठी नावारूपास आणली. आमच्या मराठवाड्याचा देवणी बैल गीरच्याच रक्ताचा एक फाटा. तेव्हा सेनगावच्या बाजारातला एखादा देवणी आणि कुयाबाजवळच्या गोठ्यातली गाय यांचे नाते लावू गेल्यास चुलत-मामे काहीतरी निघेलच.

असो. सोयाबीनकडे वळले पाहिजे, कारण सेनगावात ब्राझीलचे नाव निघते ते त्याच्यासाठी. हे पीक ना त्यांचे, ना आमचे. ते चीनकडचे. सेराडोची लाल माती आम्लयुक्त. तिच्यात काही पिकत नाही असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज होता. शिवाय सोयाबीन हे दिवसाच्या लांबीवर फुलणारे पीक, त्यामुळे विषुववृत्ताजवळ ते वेळेआधीच फुलोऱ्यात येऊन खुजे राही. १९७३ साली ब्राझीलने शेतीसंशोधनाची 'एम्ब्रापा' ही राष्ट्रीय संस्था काढली. तिच्या शास्त्रज्ञांनी जमिनीत चुना मिसळून आम्ल मारले, आणि उष्ण कटिबंधातही उंच वाढणारे वाण तयार केले. योहाना दोबेराइनर या विदुषीने तर सोयाबीनच्या मुळांवरील जीवाणूच हवेतील नत्र पुरवितील, महागडे खत नको, हा आग्रह धरला आणि तो खरा करून दाखविला. मग दक्षिणेकडील राज्यांतून जर्मन आणि इटालियन वंशाचे शेतकरी आपली थोडकी जमीन विकून, बायकामुलांसह हजार मैल वर आले. त्यांनी वसविलेल्या एका गावाचे नाव सोरिसो. पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ स्मित. या एका मुलखात होते तितके सोयाबीन ब्राझीलच्या दुसऱ्या कोणत्याही नगरपालिकेच्या हद्दीत होत नाही. एकट्या मातो ग्रोसोत चांगल्या वर्षी साडेचार कोटी टन आणि त्याहूनही अधिक सोयाबीन निघते. आपल्या सबंध हिंदुस्थानचे पीक त्याच्या एका तिसऱ्या हिश्श्याइतकेही भरत नाही.

या वैभवाची किंमत कोणीतरी दिलीच. शिंगू नदीच्या काठी १९६१ साली मूळच्या लोकांसाठी जे राखीव अरण्य ठरविले, ते आज चहूबाजूंच्या शेतांत हिरव्या बेटासारखे उरले आहे. वरच्या शेतांतले पाणी आणि औषधे खालच्या नद्यांत येतात, अशी तेथील लोकांची तक्रार आहे. २०२० साली पंतनालला लागलेल्या आगींत त्या पाणथळीचा सुमारे चौथा भाग जळाला. आणि जेथून हे पीक आले त्याच आशियातून २००१ साली तांबेराही पोहोचला. त्याच्यासाठी मातो ग्रोसोने नियम केला की कोरड्या दिवसांत ठराविक मुदत सोयाबीनचे एकही जिवंत रोप शेतात दिसता कामा नये. हा नियम तेथे कसोशीने पाळतात. आमच्याकडे २०२३ साली पिवळ्या मोझॅकने सबंध मराठवाड्याची सोयाबीनची शेते पिवळी पडली, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे औषध फवारले आणि पंचनाम्याची वाट पाहिली.

सोयाबीन हे नावाला धान्य. व्यापाऱ्याच्या लेखी ते म्हणजे चार हिस्से पेंड आणि एका हिश्श्याहून थोडे कमी तेल. पेंड कोंबड्यांना लागते, तेल माणसांना. आणि दोन्हींचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. आपण खातो त्या तेलाचा मोठा भाग परदेशचा. सोयाबीनचे तेल प्रामुख्याने अर्जेंटिना व ब्राझील येथून येते. तिकडे पीक चांगले झाले की शिकागोच्या पेढीत भाव उतरतो, मुंबई-कांडल्याला स्वस्त तेल उतरते, आणि पंधरा दिवसांत हिंगोलीच्या मोंढ्यात आडत्याचा हात आखडता होतो. मध्ये सरकारचे आयातशुल्क उभे असते. ते कधी चढते, कधी उतरते, आणि शेतकऱ्याच्या मनाजोगे चढले तर बहुधा उशिरा चढते.

आमचे थोरले बंधू सेनगावास शेती पाहतात. मराठवाडा १९४८ साली निजामी अमलातून मुक्त झाला त्यानंतर आमच्या आजोबांनी जी जमीन राखली, तिच्यातली अठरा एकर आज त्यांच्या नावे आहे. पूर्वी तेथे ज्वारी, कापूस, तूर, करडई असे सगळे होई. आता खरिपात बहुतेक सोयाबीन. मी कारण विचारले तर ते म्हणाले, "चार महिन्यात हाती येतं अन्‌ दिवाळीला पैसा होतो. ज्वारी खातं कोण?" त्यावर उत्तर नव्हते, माझ्याच घरी गव्हाची पोळी होते.

२०२१ च्या जुलैअखेर सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, ही गोष्ट मराठवाड्यात अद्याप दंतकथेसारखी सांगतात. तेव्हा शेतकऱ्याच्या घरात दाणा उरला नव्हता. सरकारने ऑगस्टात बारा लाख टन पेंड बाहेरून आणावयास परवानगी दिली, आणि नवे पीक खळ्यावर आले तेव्हा भाव जवळजवळ निम्मा झाला होता. दादांनी त्या वर्षी माल विकला नाही. घरात मुलीचे लग्न ठरलेले, सोसायटीचे कर्ज डोक्यावर. तरी त्यांनी पोती ओसरीला रचून ठेवली. हिवाळ्यात दक्षिण ब्राझील, पाराग्वे, अर्जेंटिना येथे पावसाने दगा दिला, आणि मार्चमध्ये सात हजारांच्या वर भाव मिळाला. त्या पैशांत लग्न झाले, कर्ज फिटले. पाराग्वेतल्या कोणा शेतकऱ्याची शेते करपली म्हणून माझ्या पुतणीच्या लग्नाचा मांडव उभा राहिला. हे वाक्य मी नाटकीपणासाठी लिहीत नाही. जमाखर्चाची वही तेच सांगते.

तेव्हापासून दादांना दक्षिण अमेरिकेच्या पावसाचा नाद लागला. मोबाइलवर ते तिकडचे ढगांचे नकाशे पाहतात. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यांचा मला मुद्दाम फोन आला. "मातो ग्रोसोत उघाड पडलाय म्हणं. दुबार पेरण्या करायलेत." आवाजात हुरूप होता. दुबार पेरणी म्हणजे काय हे ज्याने तीनदा भोगले आहे, त्या माणसाच्या आवाजातला तो हुरूप ऐकून मी काही बोललो नाही. त्याच महिन्यात आमच्याच हिंगोली जिल्ह्यातील काही शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आपले अवयव विक्रीस काढल्याचे पत्र सरकारला लिहिले होते, आणि ते वर्तमानपत्रांत आले होते. अशा वेळी दुसऱ्याच्या आभाळाकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे बी.ए.च्या वर्गात शिकविता येत नाही.

भाव चढला नाही. मातो ग्रोसोचे पीक त्या वर्षी खरोखरच घटले, पण आदल्या वर्षी दुष्काळाने झोपलेला अर्जेंटिना उठून उभा राहिला आणि त्याने ती तूट भरून काढली. दादांनी पोती ठेवली ती ठेवलीच. २०२४ च्या सप्टेंबरात सरकारने खाद्यतेलावरील आयातशुल्क वाढविले, हमीभाव ४८९२ रुपये जाहीर झालेला होता. तरी नवा माल आला तेव्हा मोंढ्यात चार हजारांच्या आसपास बोली लागत होती. ओसरीला जुनी पोती आणि खळ्यावर नवी रास, अशी त्यांची दिवाळी झाली.

मी सुटीत गेलो होतो. संध्याकाळी खळ्याच्या कडेला बाजेवर आम्ही दोघे बसलो होतो. मी त्यांना सोरिसोची हकीकत सांगत होतो; तेथील लोक कोठून आले, पहिली वर्षे त्यांनी कशी काढली, आज त्यांची यंत्रे केवढाली आहेत. दादा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्याईलाबी कर्ज असतं का रे?"

"असतं," मी म्हणालो. "तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी पट मोठं. यंत्रं, खत, औषध, सगळं उधारीवर. भाव पडल्यापासून तिकडचे कितीक मोठे शेतकरी कोर्टात जाऊन कर्जाला मुदत मागतायत."

दादा काही बोलले नाहीत. नर्सीच्या बाजूने ढग वर येत होता आणि वाऱ्याला ओल होती. त्यांनी गड्याला हाक मारली, आणि आम्ही तिघांनी मिळून राशीवर ताडपत्री ओढली. चारी कोपऱ्यांवर दगड ठेवीपर्यंत पहिले थेंब पडू लागले होते.